मेबल आरोळे यांचा वर्ग

‘डॉ. आरोळे’ म्हटलं की नगर-बीडकडच्या माणसाच्या डोळ्यांसमोर रजनीकांत आरोळे उभे राहतात. नगर जिल्ह्याचेच, शिवाय सर्जन. फोटोत त्यांच्या शेजारी असतात त्या डॉ. मेबल आरोळे. १९७९चं मॅगसेसे दोघांचं, १९९०चं पद्मभूषण दोघांचं, जामखेडच्या आरोग्य प्रकल्पावरचं पुस्तक दोघांनी लिहिलेलं, पण बोलण्यात नाव येतं एकाचंच. मेबल सप्टेंबर १९९९मध्ये गेल्या. रजनीकांत २०११पर्यंत होते, त्यामुळेही असेल. आज लिहायचंय ते मेबलबाईंबद्दल.

त्यांचा जन्म १९३५चा, जबलपूरचा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉक्टर झाल्या, रजनीकांतही तिथलेच. १९६०मध्ये लग्न झालं आणि लग्नाच्या वेळीच दोघांनी ठरवून टाकलं की आयुष्य खेड्यातल्या गोरगरिबांसाठी घालवायचं. असं ठरवणारे तरुण पुष्कळ असतात. पोरं शाळेच्या वयाची झाली की बिऱ्हाड शहराकडे हलतं, त्यात त्यांचाही दोष नसतो. हे दोघं मात्र अमेरिकेत जाऊन पुढचं शिकले, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कार्ल टेलर यांच्यासारख्या गुरूकडे सार्वजनिक आरोग्याचे धडे घेतले, आणि १९७०मध्ये थेट जामखेडला येऊन राहिले. अशा बाईच्या शोकसभेत कुणीतरी हमखास म्हणतं, ‘घर सांभाळून समाजकार्य केलं.’ मला हे वाक्य नेहमी खटकतं. मेबलबाईंचा नवरा त्यांचा सहकारी होता, लेक पुढे डॉक्टर होऊन याच प्रकल्पात आली, मुलगाही त्यात आला. सांभाळायचं काय आणि बाजूला ठेवायचं काय, याची वाटणी त्या घरात कशी करणार?

जामखेड म्हणजे नगर जिल्ह्यातला ज्वारीचा, कोरड्या विहिरींचा आणि ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांचा तालुका. अहिल्याबाई होळकरांचं चौंडी याच तालुक्यात. आरोळे दांपत्यानं काम सुरू केलं आणि पाठोपाठ १९७२चा दुष्काळ आला. लोकांना आधी अन्न आणि पाणी हवं होतं, औषधाचं नंतर बघू म्हणत होते. मग हातपंप बसवायची वेळ आली तेव्हा पंप दलित वस्तीत बसतील असं पाहिलं गेलं. पाणी हवं असेल त्यानं तिकडे यावं! व्याख्यानांनी जे झालं नसतं ते घागरीनं थोडंफार केलं.

प्रकल्पाच्या गावांत १९७१च्या सुमारास जन्मलेल्या हजार बाळांपैकी १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. नव्वदच्या दशकात हा आकडा तिशीच्या आत आला. यामागे मोठं इस्पितळ किंवा महागडी यंत्रं नव्हती. सुरुवातीला गावोगावी शिकलेल्या नर्स पाठवल्या होत्या, ते जमलं नाही. परक्या गावात एकटीनं राहायचं नर्सच्या जिवावर यायचं आणि विशीतल्या पोरीचं ऐकायला गावातल्या सासवा तयार नव्हत्या. तेव्हा गावचीच बाई घ्यावी, अशी सूचना गावातूनच आली. आल्या त्या बहुतेक अक्षरशत्रू, काही नवऱ्यानं टाकलेल्या, बऱ्याच दलित.

सासू का ऐकत नाही, हे मला आजोळी कळलं. आमचं आजोळ आष्टी तालुक्यातलं, जामखेडला लागून. तिथे बाळंतिणीचा चीक पिळून टाकायचे आणि बाळाला तिसऱ्या दिवसापर्यंत गुळाच्या पाण्याचा बोळा चोखायला द्यायचे. गर्भारशीनं पोटभर खाऊ नये, पोर थोराड झालं तर बाई अडते, असं माझी आजी ठामपणे सांगायची. ती दुष्ट नव्हती. तिनं अडलेल्या बाया डोळ्यांनी पाहिल्या होत्या आणि त्यावरून तिचा हिशेब तिनं मांडला होता. असा हिशेब पांढऱ्या कपड्यातल्या कुणाच्या सांगण्यानं खोडला जात नाही. ‘माझी दुसरी खेप आठवते ना, आक्का? मी खाल्लंच की,’ असं शेजारीण म्हणाली तर कुठे फट पडते.

अशा शेजारणी तयार करण्याचं काम जामखेडच्या वर्गात चालायचं, आणि माझ्या मते मेबलबाईंची खरी कमाई हा वर्ग आहे. गावोगावच्या बाया एकत्र यायच्या, मुक्काम करायच्या. जेवण एकत्र, झोपणं एकाच मोठ्या पांघरुणाखाली, मग मराठ्याची कोण आणि महाराची कोण! दिवसा जमिनीवर गोल करून बसायचं. नाळ कापायची पाती उकळलेली का हवी, दोरा कुठला, हात कसे धुवायचे. जुलाब लागलेल्या पोराचे डोळे खोल गेलेत का, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश बसते का, मग मीठ-साखरेचं पाणी किती आणि केव्हा. लिहिता येत नाही म्हणून गाण्यांत बांधायचं. गावात जाऊन करून बघायचं आणि पुढच्या बैठकीत कुठे अडलं ते सांगायचं. अडलेलं मग पुन्हा सगळ्यांपुढे. त्यात नवऱ्याचा मार यायचा, सावकार यायचा, ग्रामपंचायतही यायची. हॉपकिन्सची पदवी घेतलेल्या डॉक्टरनं वर्षानुवर्षं अशी बैठक मारायची तर चिकाटी लागते, आणि आपल्याजवळचं गुपित वाटून टाकायची तयारीही लागते. डॉक्टरकीच्या धंद्यात ही तयारी फारशी आढळत नाही.

या वर्गाची कीर्ती जगभर गेली. १९७५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं लोकांनी चालवलेल्या आरोग्यसेवांवर ग्रंथ काढला, त्यात जामखेडचं प्रकरण होतं. १९७८मध्ये आल्मा-आटाच्या परिषदेत ‘सर्वांसाठी आरोग्य’ हे ध्येय देशोदेशींच्या सरकारांनी मान्य केलं, तेव्हा ज्या मोजक्या कामांचा दाखला समोर होता त्यात जामखेड होतं. पुढे मेबलबाईंनी युनिसेफसाठीही दक्षिण आशियात काम केलं. पण जागतिक व्यासपीठाचं म्हणाल तर मला १९८८ची वॉशिंग्टनची सभा जास्त आवडते. तिथे जामखेडच्या आरोग्यसेविका मुक्ताबाई पोळ बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहातल्या झुंबरांकडे पाहून त्या म्हणाल्या त्याचा आशय असा, की डॉक्टर या झुंबरासारखे, सुंदर आणि महाग, आणि बघायला हजारो मैल यावं लागतं. आम्ही पणत्या, पण एका पणतीवरून दुसरी लावता येते. सभा उठून उभी राहिली म्हणतात. टाळ्यांचा मान मुक्ताबाईंचा. मला मात्र त्यामागे जमिनीवरचा तो गोल दिसतो, जिथे या बाईला बोलायची सवय लागली.

आणि आता आपलं सरकार. २००५मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि ‘आशा’ ताई गावोगाव आल्या. या कल्पनेला जामखेडचाही हातभार होता. पण मला वाटतं, सरकारनं तिथून बाई उचलली आणि वर्ग तिथेच सोडून दिला. आशांना सुरुवातीला वर्षभरात मिळून २३ दिवसांचं प्रशिक्षण ठरलं होतं. पुढे नोंदी, अर्ज, मोबाइलवरची माहिती, सर्वेक्षणं यांचा ढीग वाढत गेला, आणि बैठक म्हणजे ‘आकडे आणलेत का’ एवढंच उरलं. त्या संपावर जातात तेव्हा आपण ‘मानधनासाठी’ म्हणून बातमी संपवतो.

इथे जामखेडबद्दलही एक शंका घ्यायला हवी. तिथल्या सेविका पगारी नव्हत्या. त्यांना गावात मान मिळाला, छोट्या धंद्यासाठी मदत मिळाली, बोलायची ताकद आली, हे खरं. पण एका तालुक्यात मायेनं, ओळखीनं आणि रोजच्या सोबतीनं जे बिनपगारी चालतं ते देशभर चालवायचं म्हटलं, की गरीब बाईच्या अंगावर फुकटचं काम येऊन पडतं. जामखेडचं नाव घेऊन कुणी मानधनाला नाक मुरडत असेल तर त्यानं त्या सेविकांना मिळालेली सोबतही आधी मोजावी. दर आठवड्याला कुणी डॉक्टर आपल्याशेजारी येऊन बसते, याची किंमत कुठल्या अंदाजपत्रकात धरली जात नाही.

१९९२मध्ये जामखेडला आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण संस्था सुरू झाली. आता आईबापांचं काम मुलं बघतात. परदेशातून, मोठमोठ्या विद्यापीठांतून मुलंमुली तिथे शिकायला येतात, दुभाष्याला शेजारी घेऊन जमिनीवर बसतात, आणि वहीत उतरवून घेतात ते त्याच सेविकांनी सांगितलेलं.