तालीम आणि तरबियत : जपानला निघालेल्या लेकीची शिदोरी

निकालाचे दिवस आले की आमच्याकडे पालकांची ये-जा वाढते. सायन्स घ्यावे की कॉमर्स, उर्दू माध्यमातून आलेल्या मुलीला इंग्रजी कॉलेज झेपेल का, हे प्रश्न नेहमीचेच. अलीकडे त्यात एक नवा प्रश्न येऊ लागला आहे. मोमीनपुऱ्यातून, ताजबागेकडून, कामठीहून आलेले अम्मी-अब्बू जरा दबक्या आवाजात विचारतात, "जपानला पाठवायचे म्हणतात, पाठवावे का?" मुलगा असेल तर प्रश्न पैशांचा असतो. मुलगी असेल तर पैशांचे नाव कोणी काढत नाही. तिथे काय खाईल, नमाज कुठे पढेल, कोणाच्या घरी राहील आणि परत येईल तेव्हा ती आपलीच राहिलेली असेल का, हे विचारले जाते. या प्रश्नांना आम्ही हसत नाही. ते खरे प्रश्न आहेत आणि त्यांची खरी उत्तरे आहेत.

जाण्याच्या वाटा कोणत्या, ते आधी पाहू. शाळकरी मुलांसाठी 'आशिया काकेहाशी' नावाची योजना २०१८ मध्ये सुरू झाली. काकेहाशी म्हणजे पूल. आशियातील मुलांनी जपानच्या हायस्कूलमध्ये काही महिने शिकावे, तिथल्या कुटुंबात किंवा वसतिगृहात राहावे, असा तिचा हेतू. बारावीनंतर पदवीसाठी जपान सरकारची शिष्यवृत्ती आहे. तिला 'मेक्स्ट' शिष्यवृत्ती म्हणतात. शिक्षण फुकट, विमानाचे भाडे मिळते, दरमहा खर्चाला साधारण १,१७,००० येन मिळतात आणि पहिले वर्ष जपानी भाषा शिकण्यातच जाते. आपल्या शाळांतील मुलांना याची खबरच नसते, म्हणून इथे लिहिले.

तिसरी वाट दलालाची आहे, तिच्याविषयी सावध करणे आमचे कर्तव्य आहे. आमच्या ओळखीच्या एका घराने दागिने गहाण ठेवून एका एजंटला रक्कम दिली. मुलगा भाषेच्या शाळेत शिकेल, शिकता शिकता कमावेल आणि वर्षात कर्ज फेडेल, असे त्याने सांगितले होते. मुलगा तिथे पोहोचल्यावर कायदा कळला. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्याला वेगळी परवानगी घेऊनही आठवड्याला २८ तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. फक्त शाळेच्या लांब सुट्टीत दिवसाला आठ तासांपर्यंत मुभा मिळते. तेवढ्या कमाईत शाळेची फी, खोलीचे भाडे आणि इकडचे व्याज हे तिन्ही भागत नाही. कोणी "भरपूर काम मिळते" म्हणाला की त्याला या २८ तासांचा हिशेब कागदावर मांडायला सांगा. पुढचा निर्णय तो कागदच करील.

आता भाषा. जपानी म्हटले की मुले लिपीकडे पाहून घाबरतात. लिपी अवघड आहे, यात शंका नाही. पण वाक्याची ठेवण आपल्या मराठी-उर्दूच्या फार जवळची आहे. "वाताशी वा नागपूर कारा किमाशिता." वाताशी म्हणजे मी, कारा म्हणजे हून, किमाशिता म्हणजे आले. मी नागपूरहून आले. शब्दांचा क्रमही तोच! क्रियापद शेवटी येते आणि विभक्तीसारखे प्रत्यय नामाच्या मागे लागतात. इंग्रजी शिकताना आपल्या मुलांना जे वाक्य उलटे करावे लागते, ते इथे करावे लागत नाही. त्यांची मुळाक्षरे आ, ई, ऊ, ए, ओ अशी सुरू होतात आणि पुढे का, सा, ता, ना या क्रमाने जातात. बौद्ध भिक्षूंबरोबर तिथे पोहोचलेल्या संस्कृत वर्णमालेचा हा ठसा आहे. बाराखडी पाठ असलेल्या मुलीला हा तक्ता परका वाटत नाही. आपण नावापुढे साहेब किंवा जी लावतो तसे ते 'सान' लावतात, मात्र स्वतःच्या नावापुढे कधीही लावत नाहीत. भाषेची परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. सर्वांत खालची पायरी एन-५, सर्वांत वरची एन-१. पुण्यात आणि मुंबईत केंद्रे आहेत. निघण्यापूर्वी एन-५ ची तयारी जरी झाली, तरी पहिले दोन महिने मुकेपणात जात नाहीत.

ही वाट आपल्यासाठी अगदी नवी आहे असेही नाही. भोपाळचे मौलाना बरकतुल्लाह १९०९ मध्ये टोकियोला गेले आणि तिथल्या परदेशी भाषांच्या सरकारी शाळेत त्यांनी हिंदुस्तानी शिकवली. त्या शाळेचे आज विद्यापीठ झाले आहे आणि तिथे आजही उर्दू शिकवली जाते. सर सय्यद यांचे नातू सर रॉस मसूद हैदराबाद संस्थानाच्या शिक्षण खात्याचे प्रमुख होते. आजचा मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. १९२२ मध्ये ते जपानची शाळा-कॉलेजे पाहायला गेले आणि परत येऊन त्यांनी त्या शिक्षणपद्धतीवर सविस्तर ग्रंथ लिहिला. कोबे शहरात हिंदुस्तानी आणि तातार मुसलमानांनी वर्गणी काढून १९३५ मध्ये मशीद उभारली. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांतून आणि १९९५ च्या भूकंपातून ती वाचली. टोकियोची मोठी मशीद १९३८ ची, तिची आजची इमारत २००० सालची. म्हणजे सजद्याला जागा नाही, असा तो मुलूख नव्हे.

आणि उलट दिशेचा दाखला तर आपल्या शहरातच आहे. भदंत सुरेई ससाई यांचा जन्म १९३५ मधला, जपानचा. ते नागपूरला आले, इंदोऱ्यात राहिले आणि भारतीय नागरिकही झाले. मे महिन्याचा आपला ४५ अंशांचा उन्हाळा त्यांनी कसा सोसला असेल! नागपूर ज्याला मानवते, त्याच्या मुलखात आपली मुलगी दहा महिने राहू शकणार नाही, असे मानायला कारण नाही.

खाण्याचा प्रश्न मोठा आहे, म्हणून तो निघण्यापूर्वीच सोडवावा. "आमची मुलगी डुकराचे मांस खात नाही" एवढे सांगून भागत नाही. यजमान घराला बिचाऱ्यांना वाटते की मांसाचे तुकडे बाजूला काढले की झाले. म्हणून यादी करून, जपानीत लिहून घेऊन आधीच पाठवावी. डुकराचे मांस, हॅम, बेकन, चरबी, जिलेटिन, साके ही दारू आणि मिरीन हा स्वयंपाकात वापरला जाणारा गोडसर दारूचा प्रकार. रामेन नावाच्या शेवयांचा रस्सा पुष्कळदा डुकराच्या हाडांचा असतो. बाजारात मिळणाऱ्या करीच्या वड्यांत जनावराची चरबी असू शकते. काय चालते, तेही तितक्याच ठळकपणे लिहावे : भात, मासे, अंडी, तोफू, भाज्या, फळे. नुसत्या नकारांची यादी पाहून कोणतीही गृहिणी धास्तावते. एक वाक्य मुलीने पाठ करावे : "बुतानिकू वा ताबेमासेन", म्हणजे मी डुकराचे मांस खात नाही. टोकियोच्या शिन-ओकुबो भागात हलाल दुकानांची रांग आहे. लहान गावात गेलेल्या मुलीने मात्र मासे आणि अंड्यांवर राहण्याची तयारी ठेवावी. बॅगेत मसाल्यांची पुडी असू द्या. एखाद्या रविवारी तिने त्या घराला खिचडी आणि अंड्याची करी करून खाऊ घातली, तर दहा पत्रांनी होणार नाही एवढी ओळख होईल.

नमाजेचे वेळापत्रक तिथे फार बदलते. जूनच्या अखेरीस टोकियोत सूर्य साडेचारच्या आधीच उगवतो, डिसेंबरात साडेचारच्या सुमारास मावळतो. म्हणजे उन्हाळ्यात फजर फार लवकर येते आणि हिवाळ्यात मगरिब शाळा सुटता सुटता होते. किबला पश्चिमेपेक्षा थोडा वायव्येला झुकतो. वजूचेही भान ठेवावे लागते. तिथल्या बेसिनभोवतीची जमीन कोरडी ठेवायची असते आणि बेसिनमध्ये पाय धुताना पाहून घरातले दचकतात. आधी समजावून सांगावे, नंतर पाणी पुसून घ्यावे. प्रवासातली नमाज, मोज्यांवरील मसह, परीक्षेच्या दिवसांतले रोजे यांचे मसले निघण्यापूर्वी आपल्या मौलाना साहेबांना विचारून वहीत लिहून घ्यावेत. परक्या गावी मोबाईलवर दहा जणांची दहा उत्तरे शोधत बसण्यापेक्षा ते बरे.

ओढणी-हिजाबचा प्रश्न शाळेशी बोलावा आणि तो लेखी बोलावा. जपानी शाळा गणवेशाच्या बाबतीत कडक असतात, केसांपासून मोज्यांपर्यंत नियम असतात. खेळाच्या आणि पोहण्याच्या तासाचे कपडेही त्यात आले. अर्ज भरतानाच विचारले तर शाळेला मार्ग काढायला वेळ मिळतो. दारात उभे राहून विचारले तर दोन्ही बाजूंची पंचाईत होते.

पोहोचल्यावरची कामे ठरलेली आहेत. मोठ्या विमानतळावर निवासाचे कार्ड हातात मिळते. सोळा वर्षांवरील प्रत्येकाने ते सदैव जवळ बाळगायचे असते. राहण्याचा पत्ता ठरल्यापासून १४ दिवसांत तिथल्या नगर कचेरीत नोंद करायची. तीन महिन्यांहून जास्त राहणाऱ्या विद्यार्थ्याला सरकारी आरोग्य विमा घ्यावा लागतो. मग दवाखान्याच्या बिलाचा साधारण ३० टक्के भाग आपण भरायचा. पोलिसांचा क्रमांक ११०, रुग्णवाहिका आणि आगीचा ११९. भूकंपाच्या वेळी टेबलाखाली कसे शिरायचे, याची कवायत शाळेत होते. तिला खेळ समजू नये.

घरातल्या चालीरीती मुलीला चार दिवसांत कळतात. चपला दारातच काढायच्या आणि बाहेर जाताना पायात घालता येतील अशा वळवून ठेवायच्या. कचरा जळणारा, न जळणारा, बाटल्या, कागद असा वेगवेगळा, ठरल्या वारीच टाकायचा. आंघोळीच्या टबातले गरम पाणी सगळे घर वापरते, म्हणून आधी बाहेर साबण लावून स्वच्छ व्हायचे. जेवणापूर्वी ते "इतादाकिमास" म्हणतात. आपली मुलगी मनात बिस्मिल्लाह म्हणून तोही शब्द उच्चारू शकते. शाळेत वर्ग मुलेच झाडतात, फरशी मुलेच पुसतात. आपल्या घरी जिने कधी झाडू धरला नाही, तिला पहिल्या आठवड्यात रडू येईल. तो झाडू निघण्यापूर्वी महिनाभर घरीच हाती द्या, आणि तिच्या भावाच्याही हाती द्या.

एक गोष्ट उशिरा कळते. जपानी माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. "चोत्तो..." म्हणून वाक्य अर्धेच सोडतो. चोत्तो म्हणजे थोडेसे, पण तिथे त्याचा अर्थ बहुधा नाहीच असतो. आपल्या नागपुरी मुलांना रोखठोक बोलायची सवय, त्यांना वाटते अजून विचारले तर होईल. पण आपल्याकडेही "बघू, इन्शाअल्लाह" म्हणून टाळणारे काका-मामू कमी नाहीत. मुलीला तेच उदाहरण द्या, तिला लगेच समजेल.

पालकांनी स्वतःसाठीही दोन नियम करावेत. जपानचे घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास आहे. आपण इशा पढून, जेवून नऊला फोन लावतो तेव्हा तिथे रात्रीचा साडेबारा वाजलेला असतो. रविवारची वेळ ठरवून घ्या आणि इतर दिवशी दोन ओळींच्या निरोपावर भागवा. पहिल्या महिन्यात सगळे नवे असल्याने मूल खूश असते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात नवलाई ओसरते, भाषा अडते, थंडी वाढते आणि फोनवर रडणे येते. तेव्हा "ये परत" असे लगेच म्हणू नका. आज काय खाल्ले, कोणाशी बोललीस, झोप होते का, एवढे विचारा. मात्र तिने भीतीची, अंगलट येण्याची किंवा अपमानाची गोष्ट सांगितली, तर त्याच दिवशी योजनेच्या कार्यालयाला कळवा. रडणे आणि तक्रार यांतला फरक आईला आवाजावरून कळतो.

वर्षाचाही प्रश्न आहे. अकरावीतील मुलगी गेली तर परतल्यावर बारावीत बसता येईल का, हे ज्युनिअर कॉलेजला निघण्यापूर्वी विचारून उत्तर लेखी घ्यावे. वर्ष मागे पडणार असेल तर ते मान्य आहे की नाही, हे घराने मिळून ठरवावे. लग्नाच्या वयाचा हिशेब मांडून एक वर्ष मोजणारी घरे आम्ही पाहिली आहेत. मुलाच्या नापासात गेलेल्या वर्षाचा हिशेब त्याच घरांत कोणी मांडत नाही.

ज्या घरात कुरआनाची तिलावत आहे, आई-बाप मुलीचे ऐकून घेतात आणि तिला नाही म्हणायला शिकवलेले आहे, त्या घरची मुलगी कोबेला जावो की कामठीला, आपली राहते. ती परत येईल तेव्हा थोडी बदललेली असेल. दारातल्या सगळ्यांच्या चपला वळवून ठेवील, दिलेल्या वेळेच्या पाच मिनिटे आधी तयार होऊन बसेल, भावाला स्वतःचे ताट धुवायला सांगेल. त्या दिवशी "जपानी होऊन आली" असा टोमणा मारू नका. भावाला ताट धुवू द्या.