श्रवण आणि सख्य यांमधील अंतर

वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. गावात बालाजीचे मंदिर आहे. जिल्ह्यात शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ आहेत, दत्तभक्तांचे कारंजे आहे आणि बंजारा समाजाची पोहरादेवी आहे. इतक्या श्रद्धा शेजारी शेजारी नांदत असलेल्या या परिसरात संख्येने लहान असा ख्रिस्ती समाजही पिढ्यान् पिढ्या राहत आला आहे. त्याच्याविषयी बोलताना एक प्रश्न हटकून पुढे येतो. ज्याने त्याने आपला धर्म आपल्या घरी पाळावा, तो दुसऱ्याला सांगत कशाला फिरावे?

या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्ती धर्माच्या गाभ्यात आहे. मनुष्याला देवाचा सहवास लाभू शकतो आणि तो ख्रिस्ताच्या द्वारे लाभतो, ही त्या धर्माची मूळ श्रद्धा होय. हे सांगण्याचा हेतूही योहानाच्या पहिल्या पत्राच्या आरंभीच स्पष्ट केलेला आहे. आपल्याला जे लाभले त्यात ऐकणाऱ्यालाही वाटा मिळावा, एवढाच तो हेतू. खानेसुमारीतील आकडा वाढवणे हे त्याचे प्रयोजन नव्हे. मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. आपल्या नवविधा भक्तीचा आरंभ श्रवणाने होतो आणि आठवी पायरी सख्याची आहे. सांगणाऱ्याच्या हाती असते ती केवळ पहिली पायरी. पुढच्या पायऱ्या ज्याच्या त्याने, आपल्या पायांनी आणि आपल्या वेळेला चढायच्या असतात. धर्मप्रसाराविषयीचे बहुतेक वाद या साध्या गोष्टीच्या विस्मरणातून उद्भवले आहेत.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचेच उदाहरण घ्या. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक युरोपीय सहप्रवासी भेटला. काव्यशास्त्राच्या गप्पा झाल्या आणि निरोप घेताना त्या गृहस्थाने त्यांना ‘नवा करार’ दिला. त्याने कसले आमिष दाखवले नाही की धाक घातला नाही. तो आपल्या वाटेने निघून गेला. टिळकांनी ते पुस्तक वाचले, शंका काढल्या, स्वतःशी आणि इतरांशी वाद घातला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या निर्णयाची किंमत जबर होती. आप्तेष्ट तुटले, पत्नी दुरावली. लक्ष्मीबाई पुढे पतीकडे परतल्या, त्याही आपला धर्म आणि सोवळे सांभाळूनच. त्यांनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला तो स्वतःची खात्री पटल्यावर. मधली पाच वर्षे एका प्रतिभावंत धर्मोपदेशकाला आपल्या घरातील माणसाचे मन वळण्याची वाट पाहावी लागली. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला हे ठाऊक आहे. याच टिळकांनी अखेरच्या काळात, १९१७ साली, ‘देवाचा दरबार’ आरंभला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा ठेवली. सख्य हे नोंदवहीवर अवलंबून नसते, हेच त्यांनी त्यातून दाखवून दिले.

तथापि सगळीच कथा इतकी निर्मळ नाही. आगगाडीतील सहप्रवासी बरोबरीचे असतात. रुग्ण आणि डॉक्टर, दुष्काळग्रस्त आणि अन्नदाता हे तसे नसतात. १९३० नंतरच्या दशकात नाझरीन मिशनने वाशीम येथे रुग्णालय उभारले. डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन स्त्री-डॉक्टरने ते नावारूपाला आणले. पुढे तेथे परिचारिकांचे शिक्षणही सुरू झाले. वैद्यकीय सोयींचा दुष्काळ असलेल्या या भागावर त्या सेवेचे ऋण आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु रुग्णशय्या ही मनुष्याची सर्वांत परस्वाधीन अवस्था होय. तेथे ‘नाही’ म्हणणे जड जाते. म्हणून कोणत्याही धर्माच्या सेवासंस्थेत श्रद्धेचा शब्द सर्वाधिक संयमाने उच्चारला गेला पाहिजे. औषध हे प्रवचनाचे मोल ठरू नये, आणि प्रवचन न ऐकणाऱ्याला औषध तितक्याच मायेने मिळावे.

ही शंका नवी नाही. विदर्भ जुन्या मध्य प्रदेशात असताना त्या सरकारने १९५४ साली न्यायमूर्ती नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने १९५६ साली दिलेल्या अहवालात शाळा आणि दवाखाने धर्मांतराचे साधन बनत असल्याचा ठपका ठेवला. ख्रिस्ती समाजाने तो एकांगी ठरवला. संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य दिले आणि धर्मप्रसाराचा हक्कही मान्य केला. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने या हक्काची मर्यादा सांगितली. आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे हा हक्क आहे, दुसऱ्याचे धर्मांतर करणे हा नव्हे. त्या निकालावर टीका झाली आहे, कारण बळजबरी आणि मनःपूर्वक परिवर्तन यांतील सीमारेषा कायद्याच्या कलमांनी आखणे अवघड आहे.

ती रेषा सांगणाऱ्यानेच आधी आपल्या मनात आखली पाहिजे. ज्याला आपण देवाच्या सहवासाचे निमंत्रण देतो, त्याला ते नाकारण्याची पूर्ण मुभा आहे काय? नकारानंतरही आपला स्नेह टिकणार आहे काय? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी असेल, तर त्या बोलण्याला साक्ष म्हणावे. नसेल तर तो सौदा आहे, आणि सौद्यातून कोणाचेही देवाशी सख्य जुळत नाही.

पण मुभा दोन्ही बाजूंनी हवी. जो ऐकून, विचार करून होकार देतो, त्याला वाळीत टाकणे हीदेखील बळजबरीच होय. लक्ष्मीबाईंना आपल्या घरात आपल्या धर्माने राहता आले, तसेच टिळकांनाही समाजात मानाने राहता यावयास हवे होते. शाळेच्या शिक्षककक्षात किंवा कचेरीतील शेजारच्या मेजावर एखादा सहकारी आपल्या श्रद्धेविषयी दोन शब्द बोलला, तर ते ऐकावे, पटले नाही तर स्पष्ट सांगावे, आणि मग दोघांनी मिळून चहा घ्यावा. धर्मस्वातंत्र्य संविधानाच्या पानावर लिहिलेले आहे. ते टिकते मात्र अशा मेजांवर.