भाषेचे घरटे

भाषेला राजमान्यता मिळाली की तिची चिंता मिटली, असे मानण्याचा मोह राज्यकर्त्यांस आणि सुशिक्षितांस सारखाच पडतो. अशांनी न्यूझीलंडमधील माओरी लोकांचा अनुभव अवश्य ध्यानी घ्यावा.

माओरी मुलांना शक्य तेथवर इंग्रजीतूनच शिकवावे, असा दंडक तेथे 1867 च्या कायद्याने घातला. शाळेत मातृभाषा बोलल्याबद्दल अनेक मुलांनी मार खाल्ला. तीच मुले आईबाप झाल्यावर लेकरांशी इंग्रजीत बोलू लागली. भाषा मेली नव्हती, पण घराबाहेर पडली होती. 1972 साली 30,000 हून अधिक सह्यांचा अर्ज पार्लमेंटपुढे गेला. पुढे 1982 मध्ये वेलिंग्टननजीक पहिले ‘कोहंगा रेओ’, म्हणजे भाषेचे घरटे, उघडले. सरकारच्या माओरी खात्याचा त्यास पाठिंबा होता. परंतु तेथे बालकांशी अखंड माओरीत बोलत बसल्या त्या समाजातील आज्याच. माओरीला अधिकृत भाषेचा दर्जा देणारा कायदा त्यानंतर पाच वर्षांनी, 1987 मध्ये झाला. हवाईच्या लोकांनीही 1984 मध्ये हाच मार्ग धरला.

हे यश निर्विघ्न मात्र नाही. 1990 च्या दशकात 800 वर गेलेली घरट्यांची संख्या पुढे बरीच घटली. कायदा एकदा करून भागते. भाषा मात्र प्रत्येक पिढीच्या कानी नव्याने घालावी लागते, हाच याचा बोध होय.

आणि आपल्याकडे? बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोदच्या परिसरात, निहाली बोलली जाते. कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशी तिचे नाते सिद्ध झालेले नाही. बोलणारे अवघे काही हजार! 10,000 हून कमी भाषिक असलेल्या भाषांचे आकडे जनगणनेत स्वतंत्रपणे प्रसिद्ध होत नाहीत. म्हणजे जनगणनेच्या प्रसिद्ध आकड्यांत निहालीला स्वतंत्र नावही नाही. 2024 साली मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आपण योग्य तो आनंद केला. त्याच महाराष्ट्राच्या कुशीतील ही भाषा मुकाट्याने नाहीशी होऊ देणे त्या अभिमानास शोभणारे नाही.

निहाली भाषिकांसाठी भाषेचे घरटे आपण बांधू शकत नाही. ते त्यांचेच काम. परंतु तेथील अंगणवाडीत त्यांच्यातीलच एखादी आजी मानधनावर नेमणे शासनास सहज शक्य आहे. तेवढे तरी त्याने विनाविलंब करावे, अशी आमची मागणी आहे.