जपानचं पोट

यापुढे मला कुणीही ‘इकिगाई’ भेट देऊ नये, ही नम्र विनंती. वाढदिवस असो, वास्तुशांत असो की दिवाळी. पूर्वी लोक अशा वेळी भिंतीवरचं घड्याळ द्यायचे, ते परवडलं. या आठवड्यात पुन्हा एक प्रत घरात आली. देणाऱ्या भाच्याने वर ऐकवलं, “मामा, तुम्ही फार चिडचिड करता. जपानी लोक बघा, कसे शांत असतात.”

हे पुस्तक हेक्टर गार्सिया आणि फ्रान्सेस्क मिराल्लेस या दोघांनी लिहिलंय आणि ते मुळात 2016 साली स्पॅनिशमध्ये आलं. ओकिनावातल्या ओगिमी गावच्या दीर्घायुषी म्हाताऱ्यांना भेटून त्यांनी जगण्याची सूत्रं गोळा केली. त्यातलं एक असं, की पोट ऐंशी टक्के भरलं की पानावरून उठावं.

या पोटापाशीच मी अडलो. (माझ्या पित्ताबद्दल या सदरात बरंच लिहून झालंय, पुन्हा छळत नाही.) भाच्याच्या जपानात चेरी फुललेली असते आणि कुणी कुणावर ओरडत नाही. मी पुस्तकांतून आणि सिनेमांतून ज्या जपानात भटकतो, तिथे माणसांची पोटं सदैव बिघडलेली असतात.

आपल्याकडे बऱ्याच जणांचा जपानप्रवेश ‘तोत्तोचान’मधून होतो, तसा माझाही झाला. त्यातल्या आगगाडीच्या डब्यातल्या वर्गाबद्दल शिक्षकमंडळी भरभरून बोलतात. माझ्या डोक्यात बसला तो शाळेचा संडास. तोत्तोचानची लाडकी पर्स त्यात पडते आणि ही पोर लांब दांड्याचं डवलं घेऊन आतला सगळा मैला बाहेर उपसत बसते. मुख्याध्यापक कोबायाशी तिथून जातात, काय चाललंय ते विचारतात आणि झालं की सगळं परत आत टाकशील ना, एवढंच म्हणून पुढे निघतात. पर्स काही सापडत नाही.

मग भेटला नात्सुमे सोसेकी. ‘मी मांजर आहे’ ही त्याची कादंबरी 1905 साली क्रमशः यायला लागली. तीत घरचं मांजर आपल्या मालकाबद्दल, म्हणजे एका शाळामास्तराबद्दल सांगतं. मास्तरचं पोट नाजूक, पण जेवतो ताटभर. वर ताका-डायस्टेस नावाचं पाचक घेतो, एक जाडजूड पुस्तक उघडतो, दोन-तीन पानांत पेंगायला लागतो आणि पुस्तकावर लाळ गाळतो. रात्रीचा हा ठरलेला कार्यक्रम. ते पाचक बाजारात खरोखरच मिळायचं. जोकिची ताकामिने या रसायनशास्त्रज्ञाने बुरशीपासून ते तयार केलं आणि अमेरिकेत बक्कळ पैसा कमावला. सोसेकीला मात्र ते पुरेसं नव्हतं. त्याला अल्सर होता. 1910 मध्ये हवापालटाला म्हणून शुझेंजीला गेला, तर रक्ताची उलटी होऊन जेमतेम वाचला. 1916 मध्ये त्याच दुखण्याने गेला, वयाच्या 49व्या वर्षी. शवविच्छेदनानंतर त्याचा मेंदू आणि जठर विद्यापीठाला देण्यात आलं. या पोटदुख्या माणसाचा चेहरा पुढे हजार येनच्या नोटेवर वीस वर्षं छापला जात होता. देश असावा तर असा.

जुनिचिरो तानिझाकीचा सावल्यांची थोरवी गाणारा 1933 सालचा निबंध आर्किटेक्ट मंडळींचा फार आवडता. त्यात सुरुवातीलाच जुन्या देवळांमधल्या संडासांची मनसोक्त स्तुती आहे, हे ती सहसा सांगत नाहीत. सकाळचा हा विधी सोसेकी मोठ्या सुखात मोजायचा, असा दाखलाही तानिझाकी देतो. त्याची ‘मकिओका भगिनी’ म्हणजे तर कांदेपोह्यांचं महाभारत. ओसाकातलं उतरणीला लागलेलं घराणं, चार बहिणी, आणि तिसरीचं, युकिकोचं, लग्न काही केल्या जमत नाही. मध्यस्थ, चौकश्या, तिच्या डोळ्यापाशी मधूनच उमटणारा डाग, शेकडो पानं हेच. 1943 मध्ये ती मासिकातून येऊ लागली, तेव्हा भर युद्धात असल्या बायकी गोष्टी कशाला म्हणून लष्कराने ती बंद पाडली. शेवटी स्थळ जमतं. युकिको लग्नासाठी टोकियोच्या गाडीत बसते. तिला जुलाब होत असतात, औषधाने थांबलेले नसतात, गाडीतही चालूच राहतात. कादंबरी संपली! माझ्या प्रतीची शेवटची पानं गळालीत की काय, म्हणून मी बांधणी तपासून पाहिली होती. आपल्याकडच्या एखाद्या संपादकाने हा शेवट राहू दिला असता का, सांगा.

सिनेमातही तेच. कुरोसावाचा ‘इकिरू’ (1952) सुरू होतो तो नायकाच्या जठराच्या एक्स-रेवर. हा वातानाबे महापालिकेतला खातेप्रमुख, शिक्के मारण्यात जन्म गेलेला. दवाखान्याच्या बाकावर शेजारचा एक आगाऊ रुग्ण त्याला सांगत सुटतो, की डॉक्टर ‘साधा अल्सर आहे, हवं ते खा’ म्हणाले की समजायचं, कॅन्सर. वातानाबे हळूहळू बाकावर दूर सरकत जातो. मग आत बोलावणं येतं आणि डॉक्टर शब्दन्‌शब्द तेच ऐकवतात.

आणि ज्याचं नाव निघालं की फिल्म सोसायटीतले लोक आवाज खाली आणतात, त्या यासुजिरो ओझूने 1959 मध्ये काय काढलं? ‘ओहायो’. पादण्यावरचा सिनेमा. पोरं एकमेकांच्या कपाळावर बोट दाबतात आणि दाबल्याबरोबर पादून दाखवायचं, हा खेळ. त्यासाठी प्युमिस दगडाची पूड खातात. त्यातल्या एकाला हे कधी जमत नाही, दर वेळी चड्डी भरते, आणि त्याच्या आईला वाटतं पोराचं पोट बिघडलंय. शेजारी गॅस कंपनीत नोकरीला असलेला एक बाप आहे. तो पादला की बायको आतून येऊन विचारते, हाक मारलीत का? टीव्ही हवा म्हणून दोन भाऊ मौनव्रत धरतात, आणि पोरं नमस्कार-चमत्कार करत नाहीत म्हणून अख्ख्या आळीत बायकांचे रुसवेफुगवे सुरू होतात. शांत म्हणे!

ओझूच्या वाटेला जाणाऱ्याला सगळे ‘टोकियो स्टोरी’ आधी बघायला सांगतात. तो थोर आहे, पण त्याने सुरुवात केलेले निम्मे लोक परत फिरकत नाहीत. तुम्ही आधी ‘ओहायो’ बघा. दीड तासाचा आहे, रंगीत आहे, घरातल्या पोरांनाही कळतो. जेवण मात्र अगोदर उरकून घ्या.