लोणारच्या काठावर स्टेज? मी टाकणार नाही

परवा पुण्याहून फोन आला. एका बियाणं कंपनीचा विक्रेता मेळावा, आठशे माणसं, एक मुक्काम, एप्रिलमध्ये. "भाऊ, लोणारलाच करायचंय. काठावर स्टेज, मागे सरोवर, रात्री लाईट शो." माझा मंडप-केटरिंगचा धंदा. आठशे ताटांची ऑर्डर आमच्याकडे रोज येत नाही. तरी म्हटलं, लोणारला जरूर या, पण काठावर स्टेज मी टाकणार नाही.

त्यांना वाटलं, मी भाव वाढवतोय!

लोणार म्हणजे मोठी बशी आहे राजेहो. उल्केच्या धडकेनं बेसाल्टमध्ये पडलेलं, सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर. पावसाचं, झऱ्यांचं पाणी आत उतरतं, पण बाहेर जायला वाट नाही. वाफ होऊन उडेल तेवढंच. म्हणून तर ते पाणी इतकं खारट. नदीकाठची घाण निदान पुढं वाहून जाते (पुढच्या गावाच्या माथी, हे खरंच), इथं मात्र जे आत उतरलं ते कायमचं मुक्कामी. जून २०२० मध्ये खारटपणा वाढला, त्यात सूक्ष्मजीव फोफावले आणि पाणी गुलाबी झालं. फोटो जगभर फिरले. त्याच वर्षी लोणारला रामसर दर्जा मिळाला. तेव्हापासून असे फोन वाढलेत.

आता हिशोब करा. माणशी पंचवीस लिटर धरलं तरी वीस हजार लिटर पाणी, म्हणजे पाच हजारांचे चार टँकर. तेही अशा दिवसांत, जेव्हा आपल्याकडच्या गावांत बायाबापड्या टँकरची वाट बघत असतात. आणि एवढं पाणी वापरल्यावर जातं कुठं? फिरत्या शौचालयांची टाकी कुठं रिकामी होणार, हे मला इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाईकानं विचारलं नाही. फुलं कोणत्या रंगाची, हे मात्र तीनदा विचारतात.

मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. सात-आठ वर्षांपूर्वी एका तलावाकाठी मीच असा कार्यक्रम उठवला होता. रात्री वारं सुटलं. सकाळी पाहतो तर पाण्यावर पांढऱ्या पत्रावळ्या तरंगत होत्या, माझ्याच. पोरं लावून दुपारपर्यंत काढल्या, सगळ्या काही निघाल्या नाहीत.

गर्दी सांभाळणं आपल्या जिल्ह्याला नवं नाही. शेगावचे सेवाधारी बघा, सिंदखेडराजाचा १२ जानेवारी बघा. पण ती गर्दी गावात असते, रस्ता-नाली-पाण्याच्या सोयीत. विवरात अभयारण्य आहे, मोर आहेत, पाणपक्षी आहेत. त्यांच्या डोक्यावर डीजे आणि हॅलोजन कशाला? रात्री दहाला आवाज बंद करण्याचा नियम माणसांच्या झोपेसाठी, पाखरं तर दिवस मावळताच बसतात.

म्हणून मी त्यांना सांगितलं, भाषणं, जेवण, मुक्काम सगळं विवरापासून लांब ठेवा. सकाळी उन्हाआधी चाळीस-चाळीसच्या तुकड्या करून, वनखात्याची परवानगी घेऊन, स्थानिक गाईडसोबत फिरवा. दैत्यसूदनाचं मंदिर दाखवा. नाश्त्याला बचत गटाच्या बायांकडून भाकरी-ठेचा घ्या. फोटो तेवढेच येतील.

प्रशासनालाही एक मागणं आहे. परवानगीच्या अर्जासोबत तीन गोष्टी लेखी घ्या: पाणी कुठून आणणार, सांडपाणी कुठं नेणार, कचरा कोण उचलणार. आणि अनामत घ्या, जागा तपासल्यावरच परत द्या. २०१९ मध्ये उत्तराखंडात औलीला मोठं लग्न झालं, आणि तिथल्या हायकोर्टाला तीन कोटी जमा करा म्हणून सांगावं लागलं. आपल्याकडं कोर्टापर्यंत जायची वेळ कशाला आणायची?

कंपनीवाले दोन दिवसांत कळवतो म्हणालेत. मेहकर रोडला एक मोकळं वावर मी तोंडी धरून ठेवलंय. नाही म्हणाले तर मालकाला मोकळं करीन, त्याला नांगरटी करायची आहे.