धाकट्या बॅटरीची आबाळ नको



आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी बेळगावात विजेवर चालणारा छोटा मालट्रक चालवतो. दिवाळीच्या सुट्टीआधी त्याने गाडी पूर्ण चार्ज करून ठेवली होती. दहा दिवसांनी किल्ली फिरवली, तर गाडी ढिम्म! मेकॅनिकने तपासले, तेव्हा १२ व्होल्टची लहान बॅटरी उतरलेली निघाली. मालकाने मात्र "चार्जिंगकडे लक्ष दिले नाहीस" म्हणून त्याचा एका दिवसाचा पगार कापला. हे मला पटत नाही.

विजेच्या गाडीत दोन बॅटऱ्या असतात. थोरली चाके फिरवते. धाकटी दिवे, हॉर्न, वायपर आणि आतला संगणक चालवते. लहान गाड्यांत ती १२ व्होल्टची, तर अवजड ट्रकमध्ये बहुधा २४ व्होल्टची असते. गाडी बंद असताना थोरलीचा प्रवाह सुरक्षेसाठी तोडलेला असतो. तो जोडणारे स्विच धाकटीच्याच विजेवर चालतात. ती संपली, की थोरली भरलेली असूनही उपयोग नाही. विहीर तुडुंब, पण दोर तुटलेला! अशा वेळी चार्जर लावला, तरी बरेचदा चार्जिंगही सुरू होत नाही.

गाडी चालू असताना 'डीसी-डीसी कन्व्हर्टर' थोरलीतून धाकटीला चार्ज करतो. उभ्या गाडीत मात्र अलार्म, ट्रॅकर यांना थोडी थोडी वीज लागतच असते. काही गाड्या आपोआप धाकटीला भरून घेतात, सगळ्या नाही.

म्हणून माझे म्हणणे असे, की धाकटीची स्थिती डॅशबोर्डवर ठळक दिसली पाहिजे. ते काम कंपन्यांचे. मालकांनी माहितीपुस्तक ड्रायव्हरला समजावून द्यावे, आणि गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर पुस्तकात सांगितल्याप्रमाणे धाकटीच्या चार्जिंगची सोय करावी. साध्या मीटरनेही अंदाज येतो. धाकटी शिशाची असेल, तर भरलेली असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या आसपास आली, की ती उतरत आली असे समजावे. नारिंगी केबलला मात्र कुणीही हात लावू नये, त्यात जास्त व्होल्टची वीज असते.

मुलांनो, तुमच्यापैकी काही जण उद्या अशा गाड्या चालवतील, दुरुस्त करतील, कदाचित मालकही होतील. मालक व्हाल, तेव्हा पगार कापण्याआधी एकदा मीटर लावून पाहा.