लग्नपत्रिकेचा अनाठायी थाट

तुळशीविवाह आटोपले की लग्नाचे मुहूर्त सुरू होतात आणि छापखान्यांत पत्रिकांची लगबग वाढते. विवाह हा सोळा संस्कारांपैकी एक. मात्र संस्काराहून समारंभाला अधिक महत्त्व आल्यापासून पत्रिकाही प्रतिष्ठेचे साधन बनली आहे. जाड कागद, सोनेरी छपाई, सोबत मिठाईचा डबा. ग्रामीण भागात तर भाऊबंद आणि पुढाऱ्यांच्या नावांनी पाने भरतात. एखादे नाव राहिले की रुसवेफुगवे ठरलेलेच.

एका पत्रिकेचे ३० रुपये धरले, तरी १००० पत्रिकांचे ३०,००० रुपये होतात. वाटपासाठीच्या प्रवासाचा खर्च वेगळा. वधुपिता अल्पभूधारक असेल, तर ही रक्कम पुष्कळदा कर्जाऊच आणावी लागते. लग्न लागताच पत्रिका रद्दीत जाते आणि तिच्यावरील श्रीगणेशाच्या व कुलदैवताच्या चित्रांची विटंबना होते.

उपाय अवघड नाही. देवापुढे ठेवण्यासाठी आणि वडीलधाऱ्यांसाठी ५०-१०० साध्या, एकरंगी पत्रिका छापाव्यात. इतरांना भ्रमणध्वनीवर निमंत्रण धाडून नंतर प्रत्यक्ष बोलावे. पत्रिका छापण्याची रीत रूढ होण्यापूर्वी घरोघरी अक्षत देऊन बोलावणे होत असे. त्यात आगत्य उणे नव्हते.

मात्र हा पायंडा ऐपत असलेल्यांनीच प्रथम पाडला पाहिजे. श्रीमंताच्या घरची पत्रिका साधी झाली, तरच गरीब वधुपित्याला लोकलज्जेपोटी सावकाराचे दार ठोठवावे लागणार नाही.